थांब, पाय, पळ

अठ्ठावीस वर्षांत आपण एकही कापड चुकीचं कापलं नाही, असं मास्तर सांगायचे, आणि शिवणकामाच्या त्या दुकानात ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. मास्तर तिथले कटर. गिऱ्हाइकाची मापं घ्यायची, खडूने कापडावर रेघा मारायच्या आणि हातभर लांब कात्रीने बाही, पाठ, कॉलर कापून मशिनवाल्यांकडे सरकवायची. कात्री चालायला लागली की टेबलावर नुसता करकर आवाज. मास्तर तेव्हा कुणाशी बोलत नसत आणि कुणी त्यांच्याशी बोलायला जात नसे.

एका सकाळी दाढी करताना ब्रश हातातून निसटला. उचलायला म्हणून ते वाकले ते उठलेच नाहीत. बायकोला न्हाणीघरातून फक्त बादली लवंडल्याचा आवाज आला.

बारा दिवस हॉस्पिटलात गेले. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, उजवा पाय जरा ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात काही ऐकेना. तो लुळा पडला असता तरी मास्तरांना समजलं असतं. हा हात भलताच हट्टी निघाला. जोर लावला की मूठ गच्च आवळायची, आणि सोड म्हटलं की सुटायची नाही. जितका जीव तोडून प्रयत्न करावा तितकी ती जास्त आवळायची. बायको एकेक बोट धरून उघडायची.

मालक भेटायला आले तेव्हा मास्तरांनी तो हात चादरीखाली लपवला.

"शाळा उघडायच्या आत गणवेशांची गर्दी सुरू होईल," मालक म्हणाले. "तोवर मी कसंबसं निभावतो. दोन महिने. तुमच्या टेबलाला कुणाला हात लावू देत नाही, मास्तर."

"दोन महिने म्हणजे फार झाले," मास्तर म्हणाले. "महिन्यात येतो."

हातासाठी रोज सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत जायचं होतं. तळमजल्यावर एक लांबट खोली. तिथे लाकडी खुंट्या, रंगीत चिमटे, पिठासारखा मऊ गोळा, आणि कोपऱ्यात एक टीव्ही. टीव्हीला कुणीतरी देऊन टाकलेलं व्हिडिओ गेमचं जुनं मशीन जोडलेलं. खोली सांभाळणारी थेरपिस्ट तिशीतली होती, पण तिच्या बापाच्या वयाचे पेशंटही तिला ताईच म्हणत. चौथ्या दिवशी तिने मास्तरांना टीव्हीसमोर बसवलं आणि मशीनचा रिमोट त्यांच्या हातात दिला.

"ताई, मी इथे खेळायला आलो नाही. मला कात्री धरायची आहे."

"कात्रीला काय लागतं, मास्तर? अंगठ्याने एक करायचं आणि बोटांनी दुसरं. इथेही तेच आहे. हे अंगठ्याखालचं बटण बॅट फिरवायचं. हे वरचं, पहिल्या बोटाचं, पळायचं. दोन्ही एकदम दाबली की घोटाळा."

गेम होता बेसबॉलचा. दुसरा कुठलाही त्या मशीनवर चालत नव्हता. मास्तरांनी हा खेळ जन्मात पाहिला नव्हता. ताईने थोडक्यात सांगितलं: मधे उभा राहून चेंडू टाकतो तो पिचर. नीट आलेले तीन चेंडू हुकले की बॅटवाला बाद. पिचरने चार चेंडू वेडेवाकडे टाकले तर पहिला तळ फुकट. तळ म्हणजे आखलेल्या चौकोनाचे चार कोपरे, सगळे फिरून बॅट धरली होती तिथे, म्हणजे घरी आलं की एक धाव. आणि तळावर उभ्या असलेल्याला वाटलं, तर कुणी चेंडू मारायची वाट न बघता तो पुढच्या तळाकडे पळू शकतो. त्याला तळ चोरणं म्हणतात.

"चोरणं?" मास्तर म्हणाले. "छान शिकवताय."

पिचरने हात फिरवला आणि मास्तरांची मूठ आवळली. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. चेंडू अजून निघालाही नव्हता तेवढ्यात बॅट फिरली होती. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. एकदा बोटंच बटणांवरून घसरली आणि चार चेंडू वाकडे पडून त्यांचा माणूस पहिल्या तळावर गेला, पण पुढच्याच क्षणी हात आवळला आणि तो बिचारा भर मैदानात पिचरच्या नाकासमोरून पळत सुटला. बाद. त्या दिवशी मास्तर सत्तावीस वेळा बाद झाले.

"च्यायला," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

तिथे एक दांडगा, पिकल्या मिशांचा माणूस बसला होता. तीस वर्षं बस चालवलेला. त्याचे हातपाय बऱ्यापैकी सुधारले होते, पण अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा नेली होती. समोरच्याचं सगळं समजायचं. बोलायला गेलं की शब्द घशातच राहायचे. एक शिवी मात्र लख्ख यायची. त्याशिवाय चार शब्द उरले होते: थांब, पाय, पळ, आणि कंडक्टर. कंडक्टर तो सगळ्यांनाच म्हणायचा, ताईलासुद्धा. सगळे त्याला ड्रायव्हरदादा म्हणत. त्या गेममध्ये त्याचा हात धरणारा त्या खोलीत कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची मास्तरांजवळ ओढली. पिचरने हात फिरवला तशी त्याने आपला पंजा मास्तरांच्या मनगटावर ठेवला. "थांब."

चेंडू आला, अखेरच्या क्षणी खाली बुडाला आणि जमिनीला लागला. बॅट फिरली नव्हती. पडद्यावर पिचरच्या नावे एक वाकडा चेंडू लागला.

"थांब," ड्रायव्हरदादा पुन्हा म्हणाला आणि पुढच्या चेंडूलाही मनगट सोडलं नाही.

अशी त्यांची शिकवणी सुरू झाली. ड्रायव्हरदादा बोट दाखवायचा, भुवया उडवायचा, जीव तोडून एखादा शब्द बाहेर काढायचा, आणि मास्तर त्याचा अर्थ लावत बसायचे. चूक लावला की शिवी. ताईने घरी रोज एक ओळ उजव्या हाताने लिहायला सांगितली होती. काय लिहावं ते सुचेना, म्हणून मास्तरांनी तेच लिहायला घेतलं. एका ओळीला अर्धा तास लागायचा आणि अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी यायची.

पहिला चेंडू सोडून द्यायचा, पिचर काय टाकतो ते कळतं. बॅटकडे बघायचं नाही, पिचरच्या हाताकडे बघायचं. गुडघ्याखाली बुडणारा चेंडू सोडायचा. दोन हुकले की मोठा फटका विसरायचा, नुसता चेंडूला लाकूड लावायचं.

तळ चोरायचं जास्त अवघड होतं. "पाय," ड्रायव्हरदादा म्हणायचा आणि पडद्यावरच्या पिचरच्या पायावर बोट आपटायचा. चार दिवस मास्तर समजत होते की तो आपल्या लंगड्या पायाबद्दल काही सांगतोय. मनातून रागही आला होता. मग एकदाचा प्रकाश पडला. चेंडू टाकण्याआधी पिचर पुढचा पाय उचलतो. तो उचलला की त्याला आता मागे वळून पहिल्या तळावर चेंडू फेकता येत नाही. तोच क्षण पळायचा. त्याआधी निघालं तर मेलात, आणि बघत बसलं तर उशीर झाला. मास्तरांनी लिहिलं: तळापासून दोनच पावलं पुढे उभं राहायचं. पिचर सारखा वळून बघत असेल तर पळायचं नाही. हळू चेंडू टाकणार असं वाटलं तर पळायचं. आणि पळताना अंगठा बटणावरून उचलून ठेवायचा.

शेवटच्या ओळीपाशी सगळं घोडं अडत होतं. बोट दाबलं की अंगठा उचलला जात नव्हता.

पाच आठवडे झाले. मास्तर आता चेंडू सोडू शकत होते, दहातला एखादा मारूही शकत होते. पण तळ एकही चोरता आला नव्हता. आणि रस्त्याने येता-जाता दुकानांच्या काचांत गणवेश दिसू लागले होते. जेवणाची वेळ आली की बायको शर्टाच्या बाह्या वर करून द्यायची, आणि ते डाव्या हाताने खाताना उजवा हात मांडीवर ठेवून मनातल्या मनात त्याला सांगत राहायचे: सूट. सूट. सूट की.

"फार मनाला लावून घेता तुम्ही," बायको म्हणाली.

"मग कुणाच्या मनाला लावू? तुझ्या?"

ती त्यांची बाही आणखी एक घडी वर करत राहिली. त्यांना वाटलं, तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

सातव्या आठवड्यात एका दुपारी मालक जेवायला गेल्याची वेळ साधून मास्तर दुकानात गेले. मशिनवाले उठून उभे राहिले. "या मास्तर, या!" त्यांचं टेबल खरंच रिकामं होतं. खिळ्याला कात्री लटकत होती. कोपऱ्यातल्या ताग्यातून त्यांनी गणवेशाचं निळं कापड हातभर ओढलं, एका मशिनवाल्याकडून बाहीची रेघ मारून घेतली आणि डाव्या हाताने कात्रीच्या कड्यांत उजवी बोटं अडकवली.

थांब, त्यांनी स्वतःला सांगितलं. जोर लावायचा नाही. हात सैल.

पहिलं दोन बोटांएवढं कापड नीट कापलं गेलं. तो करकर आवाज कानात शिरला आणि मास्तरांचा जीव इतका हरखला की हाताला ते कळलं. मूठ आवळली. कात्री मिटली ती मिटलीच, आणि ते ती सोडवायला ओढू लागले तसं टोक रेघ सोडून बाहीच्या आरपार गेलं. कापड टेबलावरून ओघळलं. कात्री हाताला तशीच अडकून राहिली. दोघा मशिनवाल्यांनी मिळून बोटं सोडवली. कुणी हसलं नाही. एकजण नको तितक्या घाईने म्हणाला, "ते कापड तसंही डागाळलेलं होतं, मास्तर."

बाहेर पडताना दारात मालक भेटले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि दोघांनाही जे कळायचं ते कळलं.

घरी मास्तर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी बायकोने त्यांची बटणं लावली, डबा दिला, आणि ते थेरपीला म्हणून निघाले ते बस डेपोच्या बाकावर जाऊन बसले. गर्दीत कुणी विचारत नाही म्हणून. तिथेच डबा खाल्ला आणि वेळेवर घरी आले. "आज कसा होता हात?" "बरा." असे अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत त्यांनी पुष्कळ वाईट विचार केले. डेपोतून बाहेर पडणाऱ्या बसच्या चाकांकडे ते एकदा इतका वेळ बघत बसले, की स्वतःचीच भीती वाटून त्यांनी जागा बदलली.

बाराव्या दिवशी शेजारी कुणीतरी धपकन बसलं.

"कंडक्टर," ड्रायव्हरदादा म्हणाला.

तो काही मास्तरांना शोधत आला नव्हता. त्याला पाहून चहावाल्याने न विचारता पेला आणून दिला, एका ड्रायव्हरने खिडकीतून हात केला. थेरपी उरकली की तो रोज इथेच येऊन बसायचा. आज लवकर आला होता एवढंच.

"मी येणार नाही आता तिकडे," मास्तर म्हणाले. "दुकानात जाऊन आलो. संपलं. हात गेला माझा. अठ्ठावीस वर्षं..."

ड्रायव्हरदादाने त्यांच्याकडे तोंड वळवलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. लांबलचक असावं. ओठ हलले, मान ताठ झाली, चेहरा लाल झाला, मिशा थरथरल्या. मास्तर वाट बघत राहिले. "थांब" नाही, "पळ" नाही, त्यातलं काहीच त्याला नको होतं. शेवटी जे आलं ते हेच: "च्यायला." आणि एवढा मोठा गडी मांडीवर मूठ आपटत हमसून हमसून रडायला लागला.

मास्तरांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःचा हात आठवला नाही. त्यांनी तोच त्याच्या पाठीवर ठेवला. दोघे तसेच बसून राहिले. फलाटावरच्या बायका त्यांच्याकडे बघून नजर वळवत होत्या.

घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. दुकान, कापड, अकरा दिवस. ती समजून घेईल असं त्यांना वाटलं होतं. ती भडकली.

"अकरा दिवस मी पहाटे उठून डबा करत होते! बाकावर बसून खाण्यासाठी? आणि मी इथे लोकांना सांगत होते, सुधारतोय म्हणून!" तिने ओट्यावरची ताटली आदळली. मग त्यांच्यासमोर बसली, उजवा हात ओढून घेतला आणि बोटं उघडायला लागली, रागातच, रोजच्यापेक्षा जोरात. "माझ्याशी खोटं बोलायचं नाही. हात नसला तर नसला. खोटं नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर थेरपीला आली आणि रोज येत राहिली. गणवेशांची गर्दी आली नि गेली. दुकानात नवी कटर आली, पंचविशीतली मुलगी, हात बरा असलेली. मास्तरांनी तळ चोरला तो त्यानंतर महिन्याभराने. पिचरचा पाय उठला, बोट दाबलं, अंगठा हवेत राहिला. त्यांचा माणूस धुळीत घसरत दुसऱ्या तळाला लागला. "पळ! पळ!" ड्रायव्हरदादा ओरडत होता, तो पोचून गेल्यावरसुद्धा. पुढचा बॅटवाला बाद झाला आणि डाव तिथेच संपला. एवढ्या अंगठ्यावर शर्टाची बटणं लावता येऊ लागली, वरचं सोडून. कात्रीला लागतो तो हात परत आला नाही. ताईनेही तसं स्पष्ट सांगितलं, आणि मास्तरांनी तिचे आभार मानले.

मालकांनी निरोप पाठवला: मापं घ्यायला या, टेप डाव्या हाताने धरा, आकडे सांगा. मास्तरांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा गेले.

पहिल्या दिवशी एका जाड्या गिऱ्हाइकाला हात पसरून उभं केलं आणि टेप खांद्याला लावली, तेवढ्यात मागे टेबलावर करकर सुरू झाली. मास्तर टेप तशीच टाकून बाहेर गेले. फूटपाथवर उभे राहिले. समोरून दोन बस गेल्या, एक सायकलवाला गेला. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला.

आत आले तेव्हा गिऱ्हाईक अजून हात पसरूनच उभं होतं.

"किती, मास्तर?" नव्या कटरने पेन्सिल उचलत विचारलं.

त्यांनी टेप उचलली, खांद्याला लावली, मनगटापर्यंत नेली.

"बाही साडेतेवीस," ते म्हणाले.