पित्त पडलं म्हणून

नातवंडांनो, तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, अंगणात तांदूळ पाखडत होती. एकाएकी डोकं धरून खाली बसली.

"अक्का, डोक्यात घण बसला," म्हणाली आणि भडाभडा ओकली.

ते पाहून तिचे यजमान, माझे दीर, निर्धास्त झाले. "पित्त पडलं. आता डोकं उतरंल. झोपू दे."

"एका क्षणात एवढं दुखतं ते पित्त नव्हे. पिरंगुटला दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं.

"वैनी, तुमचं इंग्रजी औषधांचं खूळ लई झालं," म्हणत ते हसले. गाडीची किल्ली त्यांच्या खिशात होती.

संध्याकाळी ती उठवूनही उठली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता, उलटी त्याचीच खूण होती, असं दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला दीर पाहुण्यांना सांगत होते, "पित्त डोक्यात गेलं." पाहुणे माना डोलावत जेवत होते.