दादाच्या दुकानापुढचा चर

सकाळी पाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा. हजेरी आठची. पण वळणावर सांडलेली खडी झाडायची तर मोठ्या गाड्यांची रांग लागायच्या आत झाडावी, असं त्याचं म्हणणं. दुचाकीवाला खडीवर घसरतो तो सकाळीच. डोळ्यांत झोप असते, रस्ता रिकामा दिसतो आणि गाडीची मूठ आपोआप पिळली जाते. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं कुणी कौतुकही केलं नाही.

तो मैलकुली होता. महामार्गाचा एक तुकडा सरकार एका मजुराच्या गळ्यात बांधतं. त्यातले खड्डे, साइडपट्ट्या, मोऱ्या, कडेचे चर, सगळं त्याच्या माथी. त्याच्या शेजारचा तुकडा माझा होता. आम्ही एकाच मुकादमाच्या हाताखाली लागलो, अवजारांच्या एकाच खोलीत डबा खाल्ला आणि एकाच वर्षी घरी बसलो.

भोकात डांबर ओतलं की खड्डा बुजला, असं लोकांना वाटतं. कडा पहारीने सरळ तोडाव्या लागतात. सैल झालेलं सगळं काढावं लागतं. मग झाडायचं, सुकवायचं, पातळ डांबराचा हात द्यायचा, थराथराने खडी घालायची आणि प्रत्येक थरावर धुम्मस मारायचा. धुम्मस म्हणजे दांड्याला बसवलेला लोखंडी ठोकळा. उचलायचा आणि आपटायचा, एवढंच. हे एवढंच ज्याने टाळलं त्याचा खड्डा पहिल्या पावसात तोंड वासतो. याने बुजवलेला खड्डा उखडत नसे. एक सोडून.

तो एक त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या दुकानासमोर होता.

थोरल्याचं पंक्चरचं दुकान वळण संपतं तिथे. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची उतरंड, आत हवेचा पंप. दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी वाहून नेणारा चर होता. ट्रक थेट दारात यावा म्हणून थोरल्याने तो विटांचे तुकडे आणि माती टाकून भरला. मग पाण्याने जायचं कुठे? ते रस्त्यावर आलं, तिथे तुंबलं, डांबराखाली शिरलं आणि खड्डा पडला. धाकट्याने बुजवला. पुढच्या पावसात पुन्हा पडला. त्यात आपटून टायर बसायचे, रिम वाकायच्या, आणि समोर दुकान तयारच.

मजुरांच्या टोळीत यावर हसणं चालायचं. "एक भाऊ खड्डा बुजवतो, दुसरा खड्ड्यावर जगतो. घरचा धंदा घरातच!" मुकादम त्यात भर घालायचा, "अरे, जरा कच्चा बुजवत जा. दादाच्या पोटावर पाय कशाला देतोस?"

तो हसत नसे. पण थोरल्यापुढे त्याची जीभही उचलत नसे. आई लवकर गेलेली. थोरल्याने आणि वहिनीने त्याला वाढवलं होतं. तरी एकदा मी सोबत असताना त्याने विषय काढलाच.

"दादा, चर मोकळा कर. पाणी रस्त्यावर येतंय."

"आणि ट्रक कुठून येईल? उडत?"

"जाड फळ्या टाक."

"भरलेला ट्रक फळीवर? तू रस्त्याचं काम करतोस ना रे? की नुसता झाडूच मारतोस?"

वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, आधी चहा घ्या, मग भांडा. रिकाम्या पोटी भांडण अंगी लागत नाही."

त्याने चहा घेतला आणि भांडण तिथेच संपलं. पालथ्या घड्यावर पाणी.

ऑफिसातल्या साहेबांकडेही तो गेला होता. साहेब काही आंधळे नव्हते. म्हणाले, "चर बुजलाय हे मला गाडीतून दिसतं. या रस्त्यावर एका दुकानापुढचा चर धड नाही. काढायचं म्हटलं की नोटीस, सुनावणी, पोलीस बंदोबस्त. करू सुरुवात तुझ्या भावापासून?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तोवर खड्डा बुजवत राहा," साहेब म्हणाले.

तो बुजवत राहिला. ऐन पावसातही डांबर-खडीचा माल आला की टाकायचा, असा हुकूम. खड्ड्यात पाणी उभं, वरून पाऊस, आणि ट्रकमधलं डांबर गार पडलेलं. तो डब्याने पाणी उपसायचा, तितकंच पुन्हा भरायचं. मुकादम ओरडायचा, "टाक रे, माल परत न्यायचा नाहीये!" तो टाकायचा. संध्याकाळी तीच खडी रस्ताभर पसरलेली, आणि सकाळी पाचला तीच झाडायला हा हजर. अशा कामाचा थकवा झोपेने जात नाही. बरोबर केलेल्या कामाने माणूस दमतो, वाया गेलेल्या कामाने तो सडतो.

अशाच एका सकाळी दूधवाली आली. छोट्या दुचाकीवर दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती रोज जायची. खड्डा पाण्याखाली होता. पुढचं चाक आत गेलं आणि बाई गाडीसकट आडवी झाली. तो वळणावर झाडत होता, थोरला दुकान उघडत होता. दोघे धावले, मागून वहिनी. पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. दुकानात हवा भरायला आलेल्या ट्रकमध्ये दोघांनी तिला उचलून ठेवलं. कळ दाबून ती त्याला म्हणाली, "तुझ्याच हद्दीत ना हा खड्डा? काय बुजवतोस रे, डोंबल?"

शेजारी थोरला उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

बाईचा पाय जुळला, पण गाडीवर ती पुन्हा बसली नाही. इकडे ऑफिसात बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "कामात कसूर म्हणून हे तुझ्यावर येणार. नोकरी जाऊ शकते. काही कारण असेल तर आत्ता सांग."

मुकादमाने मागून ढोसलं, "सांग की, भावाने चर बुजवला म्हणून. सुटशील."

तो म्हणाला, "चर माझ्या हद्दीत आहे. मोकळा ठेवणं माझं काम. उद्या काढतो."

"काढ," साहेब म्हणाले. "पुन्हा पाणी रस्त्यावर दिसलं तर मी तुला वाचवणार नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुदळ घेऊन दुकानापुढे उभा राहिला. घमेलं टाकायला मी होतो. थोरला बाहेर आला.

"काय चाललंय?"

"चर काढतोय."

"माझ्या दारात?"

"दार तुझं. चर रस्त्याचा."

"मोठा सरकारचा जावई झालास! ट्रक आला नाही तर खाऊ काय? तुझी कुदळ?"

हा खणत राहिला. थोरल्याने पायाने माती परत आत ढकलली. याने ती काढली. त्याने पुन्हा ढकलली, याने पुन्हा काढली. केस पिकलेले दोन बाप्ये, आणि खेळ पोरांचा. मग वहिनी बाहेर आली. माझ्या हातातलं घमेलं तिने घेतलं, भरलं आणि पलीकडे नेऊन रिकामं केलं.

"वहिनी, तुम्ही नको," हा म्हणाला.

"का? ती बाई विव्हळत होती तेव्हा तुम्ही दोघे एकमेकांची तोंडं बघत होता. मी तिचा पाय बघत होते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पंक्चर काढा. लोकांचे पाय काढू नका."

थोरल्याने पाय मागे घेतला. मला वाटलं, जिंकलो. पण वहिनी याच्याकडेही वळली. "आणि भाऊजी, खणलंत, छान केलंत. आता आमच्या दारात गाडी कुठून येणार तेही सांगा. नुसतं खणायला कुणालाही येतं."

हे त्याला लागलं. थोरल्याच्या शिव्या त्याच्या अंगावरून गेल्या होत्या, हे वाक्य मात्र आत बसलं. वाट हवी आणि पाणीही जायला हवं, तर सिमेंटचे रुंद नळे पुरून वर काँक्रीट टाकणं हाच उपाय. ऑफिसने सांगितलं, खासगी दुकानाच्या वाटेला सरकार नळे देत नाही, दुकानदाराने परवानगी घेऊन टाकावेत. थोरला म्हणाला, "ज्याने खणलं त्याने भरावं."

घरी याच्या बायकोने दुसऱ्या खोलीसाठी पै पै बाजूला ठेवली होती. एका खोलीत नवरा-बायको, दोन वाढलेल्या मुली आणि शिवणयंत्र. त्या रात्री काय झालं ते त्यानेच मला सांगितलं.

"आपल्याला खोली नाही आणि जाऊबाईंच्या दारात पूल!"

"पूल नाही, मोरी."

"मोरी तर मोरी. तिच्यात जाऊन राहायचं का चौघांनी?"

पण तिने पैसे काढून दिले. मग कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

नळे आम्ही दोघांनी बसवले. खाली मुरूम ठोकला, दोरी ताणून उतार बघितला. दोन्ही तोंडांना दगड लावले, कडा ढासळू नयेत म्हणून. थोरला शेडच्या दारात बसून बघत होता. शेवटचा नळा दोघांना उचलेना, तेव्हा तो उठला, एका बाजूला खांदा लावला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. काँक्रीट वाळल्यावर याने तो खड्डा कोरड्यात, पद्धतशीर बुजवला.

तो पुन्हा पडला नाही. पावसाळा गेला, रस्ता टणक. गाड्या त्या वळणावरून सुसाट जाऊ लागल्या. दुकानापुढे कुणी थांबेना. ट्रक थेट दारात यायला पक्की वाट होती, पण येण्याचं कारणच उरलं नव्हतं. थोरला दिवसभर टायरांवर बसून रस्त्याकडे बघायचा. वर्षभरात त्याने पंप उचलला आणि दुकान पुढे हलवलं, जिथे रस्ता फुटका होता. तो तुकडा माझा. पहिल्याच आठवड्यात त्याने माझा चर बुजवला.

मी याला म्हटलं, "तुझ्या दादाला सांग."

तो म्हणाला, "तू सांग. मी एकदा सांगून बघितलंय."

निवृत्त झाला तेव्हाही घर एकाच खोलीचं होतं. मुली तिथूनच सासरी गेल्या. त्याच्या जागी नवा माणूस नेमलेला नाही. ठेकेदाराची गाडी कधीतरी येते, खड्ड्यात डांबर ओतते आणि जाते. जन्मभर धुम्मस आपटून जे शिल्लक राहिलं होतं, त्यातून त्याला मिळाली ती बंद शेडपाशी जाणारी एक काँक्रीटची वाट आणि तिच्याखालून जाणारं सरकारचं पाणी.