सासूबाईंचे एंजल मासे

माझ्या सासूबाई ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात येणाऱ्या माणसाच्या नखांकडे त्या आधी बघतात आणि तोंडाकडे नंतर. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा माझीही नखं तपासून झाली होती. पास झाले म्हणून सून झाले, असं मी सगळ्यांना सांगते. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण आमचं जमलं. दोघीही सारख्याच भांडकुदळ होतो, म्हणून असेल.

लग्नानंतर काही वर्षांनी माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. आजार नाही, पथ्य नाही, निरोप नाही. घरात आम्ही दोघी उरलो आणि बाहेरच्या खोलीतलं त्याचं टेबल. कामावरून आला की किल्ल्या, पाकीट, चष्मा सगळं तो त्या टेबलावर टाकायचा. आता त्यावर काहीच नव्हतं, आणि तरीही आम्ही दोघी त्याला वळसा घालून जायचो. जेवताना माझी नजर तिकडे जायची आणि त्यांची नजर माझ्याकडे.

एक दिवस मी चष्म्याच्या दुकानातून, म्हणजे माझ्या नोकरीवरून, घरी आले तर टेबल गायब. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला देऊन टाकलं होतं. मी घर डोक्यावर घेतलं. त्यांनी माझं बोलणं संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, जणू मी भूल उतरलेली पेशंट आहे.

"झालं?" त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्याकडे बघत बघत तू अर्धपोटी उठतेस. तिथे काहीतरी जिवंत पाहिजे. मी माशांची टाकी आणतेय."

"मासे? आई, तुम्हाला माशांतलं काय कळतं?"

"माणसांतलं कळायचं. मासे त्याहून सोपे असतील."

खरं भांडण टेबलाचं नव्हतंच. खरं भांडण त्या वर्षभर आमच्या घरात रोज शिजत होतं. त्यांना माझं पुन्हा लग्न लावायचं होतं आणि मला त्या घरातून हलायचं नव्हतं. "म्हातारीची राखण करत केस पिकवणार आहेस का?" असं त्या विचारायच्या. "तुमचे पिकलेत ते कुणाची राखण करून?" असं मी विचारायचे. मी गेले तर ही बाई या दोन खोल्यांत एकटी राहणार, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. त्या फक्त तसं दाखवत नव्हत्या.

शोभेच्या माशांचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. दुकानदाराला सगळे बुडबुडे म्हणायचे. बोलताना तो मध्येच थांबून ओठ मिटायचा-उघडायचा, म्हणून ते नाव पडलं असावं. सासूबाईंना एंजल मासे आवडले. चपटे, त्रिकोणी, वर-खाली लांब पर असलेले, कुठेही जायची घाई नसलेले. "यांना चालायची रीत आहे," त्या म्हणाल्या. बुडबुडेने सांगितलं, या माशांना लांबीपेक्षा उंची हवी, टाकी उंच घ्या. लहान वयात नर कोण, मादी कोण ते कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून सहा घ्या, मोठे होऊ द्या, जोडी त्यांची ते लावतील. आणि मासे आत्ता नाही. आधी पाणी मुरलं पाहिजे.

"पाणी मुरायचं म्हणजे?"

"नुसतं फिल्टर लावून चालू ठेवायचं, रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. काही आठवडे. मग आणून दाखवा, मी तपासतो."

टाकी आली. उंच, जाड काचेची, खाली वेल्डरकडून मुद्दाम करून घेतलेला लोखंडी स्टँड. सासूबाईंनी वाळू इतक्या वेळा धुतली की शेवटी मोरीतून पिण्यासारखं पाणी जात होतं. हीटर, फिल्टर, दिवा, दोन रुंद पानांची झाडं. आणि मग रिकामं पाणी. येणारे-जाणारे टाकीत वाकून बघायचे आणि मासे कुठेत विचारायचे. "मुरतायत," सासूबाई सांगायच्या.

पण पाणी काही मुरेना. त्या दर रविवारी बाटलीत पाणी भरून बुडबुडेकडे न्यायच्या. तो त्यात थेंब टाकायचा, रंग बघायचा आणि मान हलवायचा. नापास. पुढच्या रविवारी पुन्हा नापास. आयुष्यात कधी नापास न झालेली बाई चिडून लाल. मासे विकायचे नाहीत म्हणून हा माणूस खोटं बोलतोय, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं. शेवटी बुडबुडे स्वतः घरी बघायला आला. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर कुकर होता.

"काय शिजतंय?" त्याने सहज विचारलं.

"फिल्टरचा स्पंज. दर आठवड्याला तीन शिट्ट्या देते."

बुडबुडे खुर्चीवर बसला. त्याचे ओठ बराच वेळ नुसतेच उघडत-मिटत राहिले. "बाई," तो म्हणाला, "त्या स्पंजात जंतू वाढायला हवेत. त्याच्यासाठी तर आपण थांबलोय. माशांची घाण ते पचवतात. तुम्ही दर आठवड्याला त्यांना उकळताय."

"जंतू हवेत?"

"जंतूच हवेत."

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर ज्यांना मारलं त्यांना आता पाळायचं! मी इतकी हसले की मला ठसका लागला, आणि मग त्याही हसायला लागल्या. नवरा गेल्यावर त्या घरात आम्ही दोघी एकत्र हसलो ती पहिली वेळ. हसता हसता त्यांनी माझा हात धरला आणि मला वाटलं, झालं, आता असंच राहायचं, आता ही बाई मला कुठे पाठवत नाही.

स्पंज शिजायचा बंद झाला आणि पाणी पास झालं. सहा मासे आले, नाण्याएवढे. रोज संध्याकाळी आम्ही टाकीसमोर दोन खुर्च्या टाकून बसायला लागलो. कोण जास्त खातं, कोण लाजाळू, कोण दादागिरी करतं, यावर आमची चर्चा चालायची. मी पूर्वीसारखी पोटभर जेवायला लागले आणि ते त्यांनी बरोबर हेरलं. त्यांच्या डोक्यात काय शिजतंय याबद्दल मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दुकानात आमच्या काचा घासायच्या यंत्राची दुरुस्ती करायला येणारा माणूस कोण, त्याच्या घरी कोण कोण असतं, तो बोलतो कसा, असं त्या मधूनच विचारायच्या. मी एकदा सहज त्याचं नाव काढलं होतं, तेवढंच. आमच्याही घरात पाणी मुरत होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

मासे तळव्याएवढे झाले आणि त्यातल्या दोघांची जोडी लागली. दोघं मिळून एक रुंद पान साफ करायला लागले आणि बाकीच्या चौघांना कोपऱ्यात दाबून मारायला लागले. चौघांना बुडबुडेकडे परत पाठवावं लागलं. मग एका सकाळी पानावर अंडी दिसली, ओळीने लावलेली, मण्यांसारखी. सासूबाईंनी मला अंथरुणातून ओढून आणलं. दोघंही मासे पानासमोर उभे होते, परांनी वारा घालत होते, क्षणभरही हलत नव्हते. हात काचेजवळ नेला तरी अंगावर यायचे.

दोन दिवसांनी अंडी पांढरी पडली. माशांनीच ती खाऊन टाकली. बुडबुडे म्हणाला, पहिल्या वेळी होतं असं, नवशिके असतात. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तेव्हा सासूबाईंनी माझ्या दुकानातलं मोठं भिंग मागवून घेतलं, आणि तिसऱ्यांदा पान साफ व्हायला लागलं तेव्हा त्या ते घेऊन दिवसभर टाकीसमोर बसल्या. मी संध्याकाळी आले तर भिंग मांडीवर होतं आणि दिवा लावलेला नव्हता.

"दोघीही बायका आहेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आधी एकीने अंडी घातली, मग दुसरीने त्याच पानावर. नर नाहीच. नर मिळाला नाही की दोघी अशाच जोडी करून राहतात, बुडबुडेला फोन करून विचारलं मी. अंडी घालतात, राखतात, जीव टाकतात. त्यातून काही निघायचं नाही. पण त्यांना कोण सांगणार?"

मी दिवा लावला. त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाज थिएटरमधला होता, कात्री मागतानाचा.

"रविवारी त्या मशीनवाल्याला चहाला बोलावलंय," त्या म्हणाल्या.

"आई, मासे आहेत ते! माशांवरून माझं लग्न लावताय?"

"माशांवरून नाही. तुझ्याकडे बघून. आपण दोघी किती छान बसतो इथे, रोज संध्याकाळी. मला इतकं बरं वाटतं, की मी तुला कधी जाऊच देणार नाही. मी माझी मला ओळखते ना. आणखी दोन वर्षं गेली तर मी आजारी पडायला लागेन, मुद्दाम."

"मग पडा! मी आहे ना."

"तेच तर."

"तुम्ही मला हाकलून देताय."

"हो," त्या म्हणाल्या. "हाकलून देतेय."

मी ओरडले, रडले, त्यांच्या मुलाची शपथ घातली. मला त्यांचा त्या वेळी इतका राग आला होता की समोरचं भिंग उचलून टाकीवर मारावंसं वाटलं. ज्या घरात मी विधवा झाले तेच माझं घर होतं आणि ती बाईच माझं माणूस होती. दुसरं माणूस नको होतं मला. त्या रात्री आम्ही दोघीही जेवलो नाही.

रविवारी तो आला. सासूबाईंनी त्याची नखं बघितली. यंत्राचं तेल कडांना बसलेलं होतं, ते बघून मी मनात म्हटलं, सुटले. पण त्यांनी त्याला विचारलं, "हे जात नाही का?" आणि तो म्हणाला, "घासतो रोज, पण पूर्ण नाही जात. तुमच्या घरी यायचं म्हणून दोनदा घासलं." त्यांनी त्याला चहा दिला. चांगल्या कपात. तिथेच मी ओळखलं, की निकाल लागला.

माणूस चांगला आहे. हे मी आज सांगते, तेव्हा सांगितलं नसतं. त्याने घाई केली नाही, माझ्या नवऱ्याबद्दल बोलायला तो कधी बिचकला नाही, आणि सासूबाईंना आमच्याबरोबर राहायला चला म्हणून त्याने माझ्याआधी विचारलं. त्या म्हणाल्या, "टाकी हलवता येत नाही. पाणी मोडतं." सबब होती, हे आम्हा तिघांनाही कळलं. त्याने पुन्हा विचारलं, मी तर कितीदा विचारलं. प्रत्येक वेळी टाकी आडवी यायची. एकदा मी वैतागून म्हटलं, टाकी फोडून टाकते मी, मग तर याल? तर म्हणाल्या, "तुझं घर तुझ्या पायावर उभं राहू दे. मी त्यात येऊन बसले तर तू पुन्हा माझीच सून होशील."

नोंदणी करून लग्न झालं. त्या साक्षीदार म्हणून आल्या, ठसठशीत सही केली. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, असं तिथल्या कारकुनाने विचारलं तेव्हा त्या क्षणभर अडखळल्या आणि म्हणाल्या, "शेजारीण लिहा." मी काही बोलणार तोच त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी सामान न्यायला आले. दोन बॅगा झाल्या. तो त्या घेऊन खाली उतरला. मी बाहेरच्या खोलीत आले तर सासूबाई स्टुलावर चढून कोपरापर्यंत दोन्ही हात टाकीत घालून उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. झाडाची मुळं बसवतायत, म्हणाल्या. झाड चांगलं बसलेलं होतं.

"आई, निघते."

"हो, नीघ. तो खाली थांबला असेल."

"इकडे तरी वळा ना."

"हात ओले आहेत गं माझे."

मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली, पाठीवर डोकं टेकवलं. पाठ लाकडासारखी ताठ होती. त्यांनी हात पाण्यातून काढले नाहीत. मला तेव्हा त्यांचा रागच आला, खरं सांगते. एवढं काय झाड, एवढं काय पाणी, मुलीसारखी राहिले मी इतकी वर्षं आणि ही बाई तोंड दाखवत नाही. मी रागातच दार लोटून निघाले.

पहिला मजला उतरल्यावर लक्षात आलं की दुकानाच्या किल्ल्या वरच राहिल्या. त्याला फोनवर तसं सांगून मी परत वर गेले. दार नीट लागलं नव्हतं, फटीतून दिसत होतं. सासूबाई खाली फरशीवर बसल्या होत्या, स्टुलाला टेकून. ओल्या हातांनी डोळे झाकले होते, बाह्यांमधून पाणी टपटपत होतं, आणि त्या रडत होत्या. पोटातून, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशा.

"गेली," त्या म्हणत होत्या. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. "गेली गं बाई. गेली ती."

माझा हात दारावर होता. आत गेले असते तर मी परत खाली उतरले नसते, आणि हे त्यांच्याइतकंच मलाही माहीत होतं. मग त्यांनी टेबल दिलं त्या दिवसापासून जे जे केलं ते सगळं वाया गेलं असतं. मी तोंडात पदर कोंबला, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि जिना उतरले. त्याने खाली विचारलं, सापडल्या का किल्ल्या? मी म्हटलं, नाही सापडल्या.