बैलाचे वरचे दात

१९५८ साल. मी एकतीस वर्षांचा. उमरग्याच्या बाजाराला बैल घ्यायला निघालेला आमच्या गावातला माणूस तेव्हा मला सोबत घेतल्याशिवाय गाडी जुंपत नव्हता. बैलाचं वय दातांवरनं कळतं, आणि दात बघण्यात माझा हात धरणारा त्या भागात दुसरा नव्हता. ही फुशारकी नाही, होतं ते सांगतो. व्यापारी शिंगाला तेल चोपडून, गळ्यात गोंडे बांधून बैल पुढं करायचा आणि ‘आदत हाय, अजून दुधाचे दात हायत’ म्हणायचा. मी जबडा उघडायचो, एकदा बघायचो आणि म्हणायचो, सहादाती हाय, पुढं चला. व्यापारी शिव्या घालायचे, पण पाठीमागं.

शिक्षण म्हणाल तर तिसरी. ती पण निजामाच्या राज्यातली, उर्दूत. मराठी अक्षरं मी पुढं माझ्या थोरल्या लेकीच्या पाटीवर गिरवली, ती शिकली तशी. तेव्हा ह्या लिहिण्यात कुणी काना-मात्रा काढत बसू नये.

थोरली त्या वर्षी आठ वर्षांची होती. शाळेत नवे गुरुजी आले होते. आमच्याकडं मराठी शिकवणारी माणसं कमी, म्हणून सोलापूरकडनं आलेले. वय बावीस-तेवीस, अंगात पांढरा शर्ट, शहरात वाढलेले. मनानं चांगले. त्यांनी ठरवलं की शाळेचं संमेलन करायचं. गावाला तो शब्दच नवा. गुरुजींनी स्वतः एक नाटुकलं लिहिलं होतं. त्यात एका कुणब्याचा बैल बोलायला लागतो आणि मालकाला सांगतो की लेकीला शाळेत घाल. बैलाच्या आत दोन पोरं, एक पुढचे पाय, एक मागचे. बोलणार पुढचा. गुरुजींनी सगळ्या शाळेची आवाजाची परीक्षा घेतली आणि माझ्या लेकीला पुढचं धड दिलं. तिचा आवाज शेताच्या ह्या बांधावरनं त्या बांधावर जायचा. माझाच आवाज तो.

पण गुरुजींनी एक अट घातली. सोंगाचं सामान ज्यानं त्यानं घरी करायचं. बैलाचा मुखवटा रंगीत तालमीपर्यंत झाला नाही, किंवा बरा झाला नाही, तर पुढचं धड दुकानदाराच्या पोराला. दुकानदारानं सोलापूरहून तयार मुखवटा आणून ठेवलाच होता. मी तो दुकानात टांगलेला बघितला. गाल लाल, डोळ्याला काजळ, आणि माणसागत हसत होता. असलं जनावर बाजारात कुणी आणलं असतं तर लोकांनी दगडं मारली असती.

मी घरी येऊन कामाला लागलो. ओढ्यातली गाळाची माती आणली, कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घालून त्यावर बैलाचं तोंड घडवलं. समोर माझाच बैल बांधलेला, देवणी जातीचा, पांढऱ्यावर काळे ठिपके, कान लोंबते. त्याच्याकडं बघत बघत केलं. मातीवर राख फासली, म्हणजे कागद चिकटून बसत नाही. कागद कुठनं आणायचा? घरात कागद म्हणजे माझं तिसरीचं उर्दू हिशेबाचं पुस्तक. राज्य गेलं, पुस्तक राहिलं होतं. ते फाडून भिजवलं, ज्वारीच्या पिठाची खळ केली, त्यात मेथी वाटून घातली. मेथी कडू, उंदीर तोंड लावत नाही. थरावर थर चढवले. तीन दिवस उन्हात वाळवलं आणि माती खालनं कोरून काढली. हातात घेतलं तर सुपासारखं हलकं.

शिंगांना निरगुडीच्या ओल्या फोका वाकवून त्यावर चिंध्या गुंडाळल्या. डोळ्याला काचेच्या गोट्या. अंगाला माझी दोन जुनी धोतरं जोडून शिवली, त्यावर फाटक्या घोंगड्याचे काळे ठिपके. वशिंडात भुस्सा भरला. शेपटीला अंबाडीचा वाख. तोंड मात्र चांगलं उघडं ठेवलं, कारण आतल्या पोरीला तिथनंच बघायचं होतं आणि तिथनंच बोलायचं होतं. खालच्या जबड्यात पांढऱ्या भोपळ्याच्या आठ बिया बसवल्या. पुरे आठ. जुळलेला, भर वयाचा बैल.

बायको म्हणाली, “ह्येला पेंड घालावी का काय?”

तालमीला मुखवटा घेऊन गेलो. पोरांनी गलका केला. गुरुजींनी हातात घेतला, उलटापालटा केला, खूष झाले. मग तोंडात बघितलं आणि थांबले.

“अहो, वरचे दात राहिले की.”

“राहिले न्हाईत गुरुजी. बैलाला वर दात नसत्यात.”

गुरुजी हसले. “असं कसं? मग गवत तोडतो कशानं?”

“खालच्या दातानं आन् वरच्या हिरडीनं. पाठीमागं दाढा असत्यात, त्या चावायला. म्होरं वर दात नसतो.”

त्यांनी कपाटातनं एक पुस्तक काढलं. त्यात बैलाचं चित्र, तोंड उघडलेलं, वर-खाली दातांची रांग. “हे बघा. छापलेलं आहे.”

“चित्र काढणाऱ्याला म्हणावं, एकदा बैलाच्या तोंडात हात घाल.”

पोरं फिसकन हसली आणि तिथंच चुकलं. पोरांसमोर हसं झालेलं त्या वयात कुणाला सोसतं? गुरुजींचा चेहरा उतरला. म्हणाले, “हे बघा, परवा शाळा तपासायला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर अर्धवट काम मी उभं करणार नाही. वरचे दात लावून आणा. नाहीतर दुसरा मुखवटा आहे, दुसरा मुलगाही आहे.”

मी मुखवटा काखेत मारला आणि घरी आलो.

आता माझी गोष्ट समजून घ्या. संमेलनाला सगळा गाव येणार. मी ज्यांना बैल घेऊन दिले ते सगळे येणार. मी केलेल्या बैलाला वर दात दिसले तर पुढं बाजारात माझा शब्द कोण धरणार? बैलाला वर दात नसतात एवढं ज्याला ठाऊक नाही, तो काय वय सांगणार? मी बायकोला म्हणालो, “न्हाय लावत. बिलकूल न्हाय.”

“अवं, लावा की चार बिया. पोरीनं पंधरा दिस घोकलंय.”

“चार न्हाय, एक बी न्हाय.”

“सोंगाचा बैल त्यो. त्याला काय इकायला न्यायचंय?”

“तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला पोरीचं तोंड कळतंय,” ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.

थोरली उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर मी आणखी ताठलो असतो, माझा स्वभावच तसा. पण ती उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “दादा, ऱ्हाऊ द्या. बैलाला वर दात नसत्यात, मला बी म्हायतीय. गुरुजीला सांगते, मी मागचे पाय हुते.”

“मागच्या पायाला बोलायचं नसतंय,” मी म्हणालो.

“नसू द्या. शेपूट हालवायचं असतंय.”

बायको चुलीपुढनं म्हणाली, “घ्या. तुमच्याच वळणाची.”

मी तिथं बसून राहिलो. आठ वर्षांची पोर बापाचा ताठा मोडू नये म्हणून स्वतः मागं जायला निघाली होती, आणि मी बाप असून चार बियांवर अडून बसलो होतो. मला दुसऱ्यानं वाकवलेलं कधी चाललं नाही. गुरुजींनी सांगून मी वाकलो नाही, बायकोनं सांगूनही नाही. त्या पोरीनं सांगितलंच नाही, म्हणून वाकलो. बियांचं भांडं घेतलं, डिंक पातळ केला आणि वरच्या जबड्यात आठ बिया लावल्या. लावताना हात चोरी केल्यागत चालत होता. दात सरळ रांगेत बसवले मात्र. वाकडं काम मला खोटंसुद्धा जमत नाही.

संमेलन दुपारी चारला होतं. शाळेपुढच्या पटांगणात दोन बैलगाड्या शेजारी लावून त्यावर फळ्या टाकल्या होत्या, तो रंगमंच. साहेब खुर्चीवर. गाव खाली. मी मुद्दाम मागं, कडुलिंबाच्या बुडाशी बसलो.

पडद्यामागनं बैल आला. मागचे पाय म्हणजे माझ्या भावाचा पोरगा, तो पुढच्या पायांवर अडखळला आणि वशिंड एका बाजूला कललं, पण एकंदर चाल झकास. लोकांनी ‘व्हय व्हय’ करून बैलाला चुचकारलं. तेवढ्यात बैलानं बोलायला मान वर केली.

पुढच्या रांगेत आमचे एक तात्या बसले होते. वय सत्तरीचं, जन्म सगळा बैलांत गेलेला. ते मोठ्यानं म्हणाले, “अरं! ह्येला वर बी दात हायत! बैल हाय का घोडं?”

झालं. सगळं पटांगण हसायला लागलं. कुणी म्हणालं, “खिंकाळतंय का बघा.” दुसरा म्हणाला, “केलं कुणी म्हायतीय का? आमी ज्याला बाजाराला दात बघाय नेताव, त्यानं!” मग तर लोक मागं वळून वळून मला शोधायला लागले. बैल घेताना माझा सल्ला मानलेला एक गडी डोळे पुसत हसत होता.

मी गुरुजींकडं बघितलं. ते मंचाच्या कडेला उभे, हातात नाटकाची वही. शेजारच्या माणसाला त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. त्यानं आपल्या तोंडात बोट घालून वरची हिरडी दाखवली. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब तर तीन हातांवर बसलेले. मी उठून एवढंच म्हणालो असतो की ‘गुरुजींनी लावायला लावले’, तर मी सुटलो असतो. ओठावर आलं होतं.

पण वर फळ्यांवर बैल थिजून उभा होता. शेपूट हलत नव्हतं. त्या उघड्या तोंडातनं माझी पोरगी बघत होती, आणि कुणाकडं ते मला ठाऊक होतं.

मी उभा राहिलो. “तात्या!” म्हणालो. “तुमच्या दावणीचा बैल बोलतो का?”

“न्हाय बा.”

“ह्यो बोलतो. मग बोलायला वर दात नकोत व्हय? तुमचे वरचे सगळे गेल्यात. म्हणून दावा बघू एकदा, ‘दप्तर’.”

तात्या गडी हट्टी. उभे राहिले आणि जोर लावून म्हणाले. तोंडातनं निघालं ‘फफ्तर’.

असं हसू त्या गावात पुन्हा मी ऐकलं नाही. साहेब खुर्चीवर पुढं वाकून हसले. तात्यांनी स्वतःच फेट्याचा शेव तोंडाला लावला आणि म्हणाले, “बरं झालं, दात न्हाईत मला. न्हाय तर आज हसताना घशातच गेले असते!”

“म्हणून लावल्यात,” मी म्हणालो. “ज्याला मुका बैल बघायचाय त्यानं माझ्या गोठ्यात यावं. खाली आठ हायत, वर हिरडी हाय. आता बोलू द्या त्याला.” आणि खाली बसलो.

बैलानं मान हलवली. एक पाय आपटला. मग लेकीचा आवाज आला, असा की पार वेशीपर्यंत जावा: “मालक, तुमची ताई दप्तर घेऊन दारात थांबलीय. तिला आधी शाळेत सोडा, मग मला नांगराला जुंपा!”

‘दप्तर’ आलं आणि टाळ्या पडल्या. तिनं ते वाक्य दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा वहीत नव्हतं.

खेळ संपल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले. म्हणाले, “मला माहीत नव्हतं.”

“आता झालं की.”

“साहेबांना मुखवटा फार आवडला. शाळेत लावून ठेवा म्हणाले. द्याल का?”

“उद्या सकाळी देतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर मी गोठ्यापुढं बसलो, मुखवटा मांडीवर घेतला आणि वरच्या आठ बिया चाकूच्या टोकानं एकेक करून काढल्या. डिंकाचे डाग खरवडले. गेरूत थोडी काजळी खलून वरची हिरडी रंगवली आणि वाळेपर्यंत मुखवटा हलवला नाही. मग घंटा व्हायच्या आत शाळेत गेलो, फळ्याशेजारी पोरांना नीट दिसेल अशा जागी खिळा ठोकला आणि बैल तोंड उघडं ठेवून टांगला.