गळ्यातले चार सूर

समुद्राला न भिणारी माणसं आमच्या मालवणात घरोघरी सापडतील. पण क्लॅरिनेटच्या मधल्या चार सुरांना थरथर भिणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो जन्मभर क्लॅरिनेटच वाजवत आला. हे आमच्या शेजारचे बँडमास्तर. लग्न असो की मयत, मिरवणुकीत सगळ्यांत पुढे त्यांची काळी नळी. खालचे सूर विहिरीत घागर बुडावी तसे गडद, वरचे जाळ्यातल्या तारलीसारखे लख्ख. मधल्या चारांना, म्हणजे वादकांच्या भाषेत गळ्यातल्या सुरांना, मात्र जवळजवळ सगळी बोटं उचलावी लागतात. सूर पोकळ निघतो आणि वर सरकतो. "ह्ये चार सूर म्हंजे कपडे काडलेलो माणूस गो!" मास्तर म्हणत, आणि प्रत्येक गाण्यातून त्यांना गाळत. खालून थेट वर उडी! वऱ्हाडी समजत, ही मास्तरांची खास ढब.

तिशीत मी त्यांच्याकडे शिकायला गेले. गाल फुगले की कला आली, असा तेव्हा माझा समज. "थंड वाद्याचो सूर उतारता," असं त्यांनी एकदा सांगितलं, तर या विदुषीने त्यांचं क्लॅरिनेट चुलीपाशी सुक्या बांगड्यांच्या रांगेत शेकत ठेवलं! लाकूड तडकता तडकता वाचलं. पण महिनाभर मास्तर वाजवू लागले की मांजरं मागे लागत. मास्तर भीतीने पांढरे पडले होते, त्यांची बायको मात्र पोट धरून हसली. "वाजवूक येवक नाय तरी जेवूक येत जा गो," म्हणाली. मी दोन्हीसाठी जात राहिले.

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या आवडीचं चर्चमधलं स्तोत्र बहुतेक त्या चार सुरांतच फिरणारं. ते गाळले तर उरणार काय? दफनाच्या सकाळी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "फुंक बारीक झाली काय सूर आनीच चडतलो. सगळ्यांसमोर तिचा गाणा बेसूर करू? मधले चार तू वाजव. मी थांबतंय."

मी हो म्हटलं, आणि रस्ताभर बोटांनी हवेतच ते चार सूर वाजवत राहिले.

कबरीपाशी मास्तरांनी सुरुवातीचे खालचे सूर वाजवले, थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी माझं क्लॅरिनेट ओठांना लावलं. तोंड कोरडं ठाक, ओठ थरथरतायत, आवाजच निघेना. फावडं घेतलेला माणूससुद्धा मान वर करून बघू लागला. मास्तरांच्या डोळ्यांत मला जी भीती दिसली, ती पुन्हा कुणाच्या दिसू नये. मग त्यांनी बोटं उचलली. ते चार सूर आले. पातळ, हवेने भरलेले, जरा चढलेलेच. दुसऱ्या कडव्यात त्यांनी ते गाळले नाहीत, तिसऱ्यातही नाहीत.

परतताना फाटकाशी म्हणाले, "तू मुद्दाम थांबलंस मा गो? माज्याकडसून वाजवून घेवक?"

मी मान हलवली. काय करणार, होकारार्थीच हलली.

हल्ली रोज संध्याकाळी ते अंगणात बसून तेवढं स्तोत्रच वाजवतात. खरं सांगून टाकायचं ठरवून मी कुंपणापर्यंत जाते. ते हसून हात करतात, आणि मी कढीपत्त्याची दोन पानं तोडून परत येते.