मीटरकडची खोली

मुळगावच्या आमच्या घराला पुढून दोन दारं आहेत आणि विजेचं मीटर मात्र एकच. ते थोरल्यांच्या दाराशेजारी. नळाचं मीटर आमच्या दारात. हे असं का, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गावात वीज आली तेव्हा सासऱ्यांनी अर्ज थोरल्या मुलाच्या नावाने केला. मग काही वर्षांनी नळ आला, तो धाकट्याच्या, म्हणजे आमच्या यांच्या नावाने घेतला. लोक म्हणाले, दोन्ही तुमच्या नावावर घाला की. सासरे म्हणाले, "मी गेल्यावर हे दोघे दोन घरं करतील. एकाकडे दिवा, एकाकडे पाणी असू दे. म्हणजे एकमेकांच्या दारात जावंच लागेल." आमच्याकडे तशी रीतच आहे. वाटण्या कोर्टात कोणी नेत नाही, पण लाइटचं बिल एकाच्या नावावर, नळाचं दुसऱ्याच्या, घरपट्टी तिसऱ्याच्या, असं ठेवतात. नाव असलेला कागद हातात असला की घरातून कोणी काढू शकत नाही, अशी समजूत. आम्ही दोघी जावा तेव्हा नव्या होतो. आम्हांला त्यात मजाच वाटली.

थोरले भावोजी वास्कोला बंदरात नोकरीला होते. तिथेच त्यांनी फ्लॅट घेतला. इकडची त्यांची बाजू कुलूप लावून ठेवलेली, चवथीला, म्हणजे गणपतीत, तेवढी उघडायची. आमचे हे खाणीवर, खनिज फोडायच्या मशीनवर कामाला. अंगावरचे कपडे धुतले की न्हाणीतून तांबडं पाणी वाहायचं. तीच धूळ छातीत किती गेली ते खाण बंद होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर कळलं. आधी चढ चढताना धाप लागायची, मग अंगणात, मग बसल्या जागी. गेल्या वर्षी इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑक्सिजनचं मशीन घरी लावा, रात्रंदिवस.

मशीन आलं. लहान कपाटाएवढं, खाली चाकं, त्यातून नळी निघून यांच्या नाकात. पहिले दोन-तीन महिने बरे गेले. ओठांचा रंग परत आला. खुर्चीत बसून पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, हाक मारण्याइतका श्वास पुरू लागला. मग उन्हाळा लागला. सकाळी अकरा वाजले की आजूबाजूच्या नव्या बंगल्यांतून एसी सुरू होतात, आणि आमच्याकडे पंखा असा फिरतो की पाती मोजता यावीत. मशीनला तेवढ्या करंटवर चालता येत नाही. ते एक लांब शिट्टी मारतं आणि थांबतं. थांबलं की हे माझ्याकडे बघतात. 

तेव्हा मी लहान सिलिंडर लावायची. तो चार तास पुरतो. डिचोलीहून भरून आणेपर्यंत दुसरा लावायचा. इन्व्हर्टरही घेतला, पण कमी करंटवर तोच धड भरेना. वायरमन आला, शिडीवर चढून बघून गेला. म्हणाला, "मावशी, खांबावरून येणारी वायर जुनी आहे, आणि तुमचा लोड दिवे-पंख्यापुरताच मंजूर आहे. त्यात घरातलं सगळं वायरिंग तिकडच्या बोर्डावरून फिरून तुमच्या टोकाला येतं. इथवर येईतो काय उरणार? लोड वाढवून घ्या."

डिचोलीला विजेच्या कचेरीत गेले. टेबलावरचा मनुष्य चांगला होता, मला बसायला सांगितलं, कागद नीट वाचला. पण कनेक्शन ज्यांच्या नावावर ते भावोजी वारलेले. तेव्हा त्यांच्या वारसांची हरकत नाही असं पत्र हवं.

"किती वारस?"

"जाऊबाई, आणि एकुलता मुलगा. तो इंग्लंडला."

"दोघांच्याही सह्या आणा. मी लगेच पुढे पाठवतो."

मी तिथेच बसून राहिले. त्याला वाटलं मला कळलं नाही म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. मला सगळं कळलं होतं. जाऊबाईंशी मी चार वर्षं बोलले नव्हते, आणि त्यात चूक माझी होती. म्हणजे आज मी चूक म्हणते. तेव्हा नाही म्हटलं.

भावोजी गेल्यानंतरची दुसरी चवथ. सगळे घरी जमलेले, गणपती मधल्या सोप्यात बसलेला. पाहुण्यांसमोर जाऊबाईंचा मुलगा हसत म्हणाला, "लाइट आमच्या नावावर, म्हणजे घर आमचंच. काका-काकी राखण करतात." जाऊबाईंनी त्याला गप्प केलं नाही. मी सासू-सासऱ्यांचं सगळं केलेलं, गळकी कौलं परतलेली, आणि मी राखणदारीण.  मागच्या दारी गेले आणि त्यांच्या बाजूला जाणारा पाण्याचा कॉक फिरवून बंद केला. लाइट तुमची ना, मग पाणी माझं.

ऐन नैवेद्याच्या वेळेला. जाऊबाईंनी नळ सोडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि बाल्दी घेऊन शेजारणीच्या विहिरीवर गेल्या. साठी उलटलेली बाई, रेशमी लुगडं खोचून पाणी ओढत होती, आणि वाड्यावरची सगळी घरं बघत होती. त्या पाण्यात त्यांनी भाज्यांचं खतखतं शिजवलं, नैवेद्य दाखवला, आणि दीड दिवसाचा गणपती पोचवून जे कुलूप लावलं ते चवथीलाही पुन्हा उघडलं नाही. यांनी मला तेव्हा एवढंच विचारलं होतं, "देवाचं पाणी तोडलंस गो?" मी त्यांनाच उलट बोलले.

आता त्याच बाईकडे यांचा श्वास मागायला जायचं होतं.

शेजारणीला यांच्याजवळ बसवून मी पहाटेची पहिली बस धरली. अकराच्या आत परत यायचं होतं. पणजीला बस बदलली. झुआरीच्या पुलावर गाडी रांगेत अडकली तेव्हा मी उभी राहून पुढे बघायला लागले, जसं काही मी बघितल्याने रांग सरकणार होती. कंडक्टर म्हणाला, "मावशे, बस, पडशील."

जाऊबाईंनी दार उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. बाथरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत बाल्द्या, पिंपं, डेचक्या मांडलेल्या. त्यांच्या इमारतीत पाणी एक दिवसाआड यायचं, तेवढ्यात भरून ठेवायचं. मी आत जाऊन दोन डेचक्या नळाखाली लावल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुला पाणी सोडता येतं हे मला माहीत नव्हतं."

मी ऐकून घेतलं. मग त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मशीन, शिट्टी, सिलिंडर, वायरमन, सही. त्यांनी विचारलं, "जेवतात काय?" म्हटलं, पेज. "झोपतात?" म्हटलं, बसूनच.

त्यांनी फोन लावून मुलाला उठवलं. तिकडे पहाट असावी. त्याचा चेहरा फोनवर आला. आधी घाबरला, मग मला बघून सावरून बसला. काकांची विचारपूस चांगली केली हो, खोटं कशाला सांगू. पण सहीचं नाव काढल्यावर म्हणाला, "आई, कशावरही सही करायची नाही. लोड वाढवतील, मग मीटर आपल्या नावावर करून घेतील, आणि आपण बसू बाहेर. काकी, काकांना इस्पितळात ठेवा ना. तिथे जनरेटर असतो."

"इस्पितळानेच घरी पाठवलंय रे," मी म्हटलं.

"मग भाड्याने खोली घ्या डिचोलीत."

जाऊबाईंनी फोन उलटा करून मेजावर ठेवला.  मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"असलं करू नको. त्याच्या शब्दाबाहेर मला जाता येत नाही, त्याच्याच पैशांवर जगते मी." मग म्हणाल्या, "त्या दिवशी पाणी का बंद केलंस? मी तर काही बोलले नव्हते."

"म्हणूनच, वयनी. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. चहा विचारला. मी घेतला नाही, बस चुकली असती.

परतीच्या वाटेवर मी काय काय ठरवलं ते लिहायला लाज वाटते. अंगठ्यांचे ठसे खोटे घालता येतात का, तारेला आकडा टाकणारा कोणी मिळेल का, सगळं डोक्यात येऊन गेलं. आयुष्यभर शेजाऱ्याच्या झाडाचा पडलेला आंबा न विचारता उचलला नाही मी. घरी पोचले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मशीन बंद, सिलिंडर लावलेला, शेजारीण पुठ्ठ्याने वारा घालत होती. यांनी भुवई वर करून विचारलं. मी सांगितलं, "देतील." खोटं बोलले.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. दुपारभर सिलिंडर, आणि भरणाऱ्याकडेही रांग. फ्रीज बंद केला, पंखे बंद केले, देवासमोरचा लाल दिवाही बंद केला, म्हटलं तेवढाच करंट त्यांना मिळो. यांची नखं निळी व्हायला लागली होती. मी नखं झाकून ठेवायची, स्वतःपासूनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टॅक्सी थांबली. जाऊबाई उतरल्या. हातात पिशवी, आणि कमरेला चाव्यांचा जुडगा.

"सही माझ्याकडे मागू नकोस," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "सही त्याची आहे. कुलूप माझं आहे. मीटर माझ्या भिंतीला आहे ना? वायरमन म्हणाला ना टोकापर्यंत येत नाही? मग त्यांना मीटरपाशी नेऊया."

एवढं साधं. दोन महिने मी कागदामागे धावत होते, आणि मधे होतं एक दार. मला सुचलं नाही, कारण त्या दाराकडे मी बघायचंच सोडलं होतं.

कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. आम्ही दोघींनी खोली झाडली, हवा यावी म्हणून जनेलं उघडली. मी मागे जाऊन कॉक फिरवला. नळातून आधी वारा आला, मग तांबडं पाणी, मग साफ. जाऊबाईंनी हात धुतले आणि बाल्दी भरायला लावली. 

हे जायला तयार होईनात. "भावाची खोली आहे ती," म्हणाले. चार शब्द आणि मग धाप.

"भाऊ असता तर त्यानेच उचलून नेलं असतं," जाऊबाई म्हणाल्या. "गुमान चला. माझीही कंबर धड नाही."

कदेलीसकट, म्हणजे हातांच्या खुर्चीसकट, टॅक्सीवाल्याने आणि शेजारणीच्या नवऱ्याने त्यांना उचललं. मी सिलिंडर घेऊन बाजूने. मशीन बोर्डाजवळच्या प्लगला लावलं. अकरा वाजले, बारा वाजले. पंखा हळू झाला, मशीनचा आवाज जड झाला, पण शिट्टी झाली नाही. दोन वाजता एकदाच झाली, मी सिलिंडरकडे धावले, तोवर ते आपोआप परत सुरू झालं. जाऊबाई आणि मी पेज जेवलो, भिंतीला टेकून, एका लोणच्यावर.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. कोणीतरी कळवलं असणार, आमच्या वाड्यात बातम्या करंटपेक्षा जोरात जातात. जाऊबाई अंगणात जाऊन बोलल्या. बराच वेळ. आत आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते.

"तो म्हणतो, असं आत घेतलं की पुढे माणूस हक्क सांगतो. तुला लिहून द्यायला सांगितलंय. खोली तात्पुरती दिली, हक्क काही नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. नाहीतर तो माणूस लावून कुलूप घालणार."

"देते की लिहून," मी म्हटलं. त्या वेळी त्यांनी डोकं मागितलं असतं तरी दिलं असतं.

वहीचं पान घेतलं. मला शाळा चौथीपर्यंतची, पण अक्षर बरं आहे. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. तात्पुरती. हक्क नाही. खिळा नाही. मग त्या थांबल्या.

"पुढे?"

"तो म्हणाला, कधीपर्यंत ते घाल. कधी खोली रिकामी करणार, ती तारीख."

हे खुर्चीत बसले होते, डोळे मिटून. झोपले नव्हते. नळीतून जाणारा वारा ऐकू येत होता. मी जाऊबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे मशीन आता निघायचं नाही. म्हणजे खोली रिकामी कधी होणार ते आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि ते मला माझ्या हाताने लिहायचं होतं.

"पुढचं वर्ष लिही," जाऊबाई हळू म्हणाल्या.

"आणि पुढच्या वर्षी हे असले तर?"

 मी पेन धरून बसून राहिले. शेवटी यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला, पान मांडीवर ओढून घेतलं, आणि तारखेच्या जागी आपली सही केली. वाकडीतिकडी, अर्ध्यावर दम घेऊन.

जाऊबाईंनी ते पान घडी करून पिशवीत ठेवलं. मुलाला फोनवर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. वास्कोला परत जाताना त्यांनी कुलूप बरोबर नेलं आणि चावी इथेच ठेवली, सासऱ्यांनी दिवा आणि पाणी वाटलं तशी. आज बावीस दिवस झाले. मी हे त्याच खोलीत, मशीनशेजारी बसून लिहिते आहे, आणि रस्त्यावर गाडी थांबली की आधी दाराकडे बघते, मग यांच्या छातीकडे.