स्टडी नॉर्मल आहे!

यशवंतपूरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी रेडिओलॉजिस्ट आहे. मूळची निपाणीची. त्यामुळं पेशंट मराठी बोलला, की रिसेप्शनवरची मंजुळा त्याला थेट माझ्या खोलीत पाठवते, "मॅडम समजावून सांगतील!" मी दहा मिनिटं समजावते आणि घरी एक किस्सा घेऊन जाते. हल्ली जेवायला बसलं की नवराच विचारतो, "आज कोण?"

*

दहावीतल्या एका मुलीचं पोट दुखत होतं, म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्टच्या शेवटी लिहिलेलं, 'नॉर्मल स्टडी', म्हणजे तपासणीत सगळं ठीक. तिची आई वैतागून आत आली. "मॅडम, तिचा स्टडी नॉर्मलच आहे, ते आम्हाला माहितीये. पोटाचं काय?"

*

बेळगावच्या एका अण्णांचं सीटी स्कॅन होतं. मी आधीच सांगितलं, "शिरेतून औषध देणार. अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. पण नुसतं वाटतं हं, होत नाही."

स्कॅन झाल्यावर अण्णा उठेचनात. "मॅडम, तुम्ही म्हणालात तस्संच वाटलं."

"वाटतंच अण्णा."

"नाही, पण... स्वल्प झालीसुद्धा!"

*

एका अक्कांना एमआरआयच्या आधी बजावलं, "आत ठकठक आवाज येईल, अजिबात हलायचं नाही." बिचाऱ्या हलल्या नाहीत. फोटो सुंदर आले! बाहेर आल्या त्या मात्र तणतणतच. "वीस मिनिटं कोण दार बडवत होतं? तुमच्यातल्या एकालाही उघडता येईना?"

*

नागपूरचा एक आयटीवाला. डोकेदुखी. रिपोर्टमध्ये 'ब्रेन अनरिमार्केबल'. मी म्हटलं, "म्हणजे नोंद घ्यावी असं आत काही नाही."

त्याचा चेहरा पडला. "अप्रेझलमध्ये मॅनेजरनंही हेच लिहिलंय!"

*

देवनहळ्ळीहून एक काका-काकू आले होते. काका सत्तरीचे, अलीकडे विसरायला लागलेले. आदल्या दिवशी नेलेल्या मेंदूच्या रिपोर्टमध्ये 'एज रिलेटेड चेंजेस' वाचून काकूंनी येताना कॅबमध्ये मोबाइलवर नको नको ते शोधलं होतं. फाइल छातीशी धरून त्यांनी विचारलं, "चेंजेस म्हणजे... मला ओळखायचे बंद होतील का हो?"

मी खुर्ची जवळ ओढली. "काकू, केस पांढरे होतात ना, तसे हे वयाचे बदल. या वयात बहुतेकांच्या मेंदूत दिसतात. स्कॅनमध्ये आजार म्हणावा असं काही नाही. तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा, पण आज रडू नका."

काकू रडल्याच. काका त्यांची पाठ थोपटत राहिले. मग काकूंनी डोळे पुसले, रुमाल पर्समध्ये ठेवला आणि काकांकडं वळल्या.

"म्हणजे गेल्या महिन्यात माझा वाढदिवस विसरलात, तो आजारामुळं नव्हे?"

काका माझ्याकडं वाकले. "मॅडम, अजून एकदा नीट बघता का?"